थांबायची खूण

क्रेन चालवायच्या परीक्षेची रांग होती. माझ्यापुढे एक मुलगी आणि तिचे वडील उभे होते.

"बाबा, तुम्ही कुंपणापाशी थांबू नका हं."

"का गं?"

"घाबरलात की तुमचा हात आपोआप आडवा होतो. आडवा हात म्हणजे थांबायची खूण, ती कुणीही केली तरी क्रेन थांबवावीच लागते. थांबले तर वेळ जाणार, नाही थांबले तर नापास."

"बरं, हात खिशात घालून उभा राहतो."

"हां, तसं चालेल. अहो, मग लगेच बाहेर का काढलेत?"

"तुझा काका क्रेनसकट गेला ना, तेव्हा क्रेनच्या पायाखालची माती खचताना मला दिसली होती."

"मग?"

"थंडी होती. हात खिशातच राहिले."

"बाबा, कुंपणापाशीच उभे राहा. मला दिसाल असे."