विहीर गप्प झाल्यावर

पाणी तपासणीच्या रांगेत तिच्या हातात वडिलांच्या विहिरीच्या पाण्याची बाटली होती. वडील जाऊन नऊ दिवस झाले होते. मागे दोन जावा बोलत होत्या.

"जाऊबाई, कारखान्याचा सांडपाण्याचा तलाव फुटल्यापासून विहिरीतले बेडूक ओरडत नाहीत."

"बरंच झालं. झोप तरी लागते."

"म्हैस पाण्याला तोंड लावत नाही."

"तिचे नखरेच फार! पाणी बघ की, तळ दिसतो. सासूबाई म्हणतात, गोड झालंय."

"अजून तेच पितात?"

"दिवसभर. तहानच भागत नाही त्यांची."

ती मागे वळली.

"तुम्ही पुढे व्हा. आणि आधी घरी फोन लावा."

"अहो, पण रांगेतला तुमचा नंबर?"

"आमच्या बाबांनाही ते गोडच लागायचं."