थडग्याखाली कोण होतं?

—नाही म्हणजे नाही! कॅमेरा हवा तर चालू राहू दे, पण ते वाक्य माझ्या तोंडून निघायचं नाही. काय लिहून आणलंय? ‘त्या मुक्या जिवाला हिरो खरंच मेला असं वाटलं’ — वा! अहो बाई, ते कुत्रं मी वाढवलं, मी शिकवलं, सिनेमात मी आणलं. त्याला काय वाटलं ते हिरोला काय विचारता? गमती हव्यात ना कार्यक्रमाला? घ्या की, टोपलीभर देतो. कुत्र्याचं नाव बोका — हो, कुत्र्याचंच! पिल्लू असताना दूध चोरायचा, म्हणून आमच्या हिनं ठेवलं. पडद्यावर एक दिसतो, होते दोन. पळणारा वेगळा, त्याच्या कपाळावर मी चुन्याचा ठिपका काढायचो, घाम आलेल्या हिरोनं मिठी मारली की ठिपका हिरोच्या गालावर! आणि ते तोंड चाटणं, ज्याला अख्खं थेटर हुंदके देतं? हिरोच्या कानामागं कलेजी चोळलेली असायची. वासानं त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, ओकारी दाबून धरायचा बिचारा. हसा, हसा. दाखवणार नाही तुम्ही, ठाऊक आहे मला.

आता ते सिनेमातलं हिरोचं थडगं. मातीचा ढीग, वर कुत्रं, जागचं हलत नाही. खाली कोण होतं, सांगा? हिरो? हिरो गाडीत घोरत पडलेला. खाली आमची ही होती — बायको माझी! बोका हुकूम माझा पाळायचा, पण जीव तिच्यावर. म्हणून डायरेक्टर म्हणाला, बाईंनाच खड्ड्यात निजवा. वर फळ्या, फळ्यांवर चार बोटं माती, श्वासाला नळी, आणि हाक येईस्तोवर चकार शब्द काढायचा नाही अशी ताकीद. मी जवळ असलो की कुत्रं माझ्याकडं बघतं, म्हणून मला पार टेकडीमागं हाकललं. शॉट काही जमेना. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, जेवण! — आणि सिनेमावाल्यांचं जेवण म्हणजे आग लागल्यासारखी पळापळ. गेले सगळे. खाली बाई आहे, विसरले! अहो, विसरले! बोका तेवढा नाही विसरला. ताटं वाजली, मटणाचा वास सुटला, आणि ते हावरट जनावर ढिम्म हललं नाही. एकटा कॅमेरावाला तिथंच डबा खात राहिला होता, त्यानं बघितलं — आधी बटण दाबलं, मग आरडाओरडा केला. आधी बटण! तोच तुमचा अजरामर सीन. हिला वर काढली तर पापण्यांवर माती, आणि पहिला सवाल काय? “बोका उठला नाही ना?”

इतकी वर्षं का नाही बोललो? कोणाला पडली होती! मग आत्ताच का अडून बसलोय... हळू बोला, आत आहे ती. नाही, झोपलेली नाही. तिला — ते तुम्हाला काय करायचंय? तो लाल दिवा बंद करा आधी. करा म्हणतो! — विसरते ती, बाई. मला दूधवाला समजते, भांडं पुढं करते. पोरीचं नाव गेलं, स्वयंपाकघर कुठल्या बाजूला ते गेलं. तो खड्डा तेवढा राहिलाय. रोज सांगते — मातीचा वास, नळीतून येणारी बोक्याची धाप — सांगताना सगळी जागी होते. परवा टीव्हीवर तुमचा हिरो गळा काढून म्हणाला, माझ्यासाठी उपाशी बसला हो तो! हिनं माझ्याकडं बघितलं. “अहो, मीच होते ना खाली?” होतीस म्हटलं. “मग ते टीव्हीत...” हिरोला मी खोटा पाडीन, दहा वेळा पाडीन. पण उद्या टीव्हीत मीच दिसलो आणि तेच बोललो, तर ती कोणाला विचारणार?

हिरोसाहेबांना वाईट वाटेल? वाटू दे, नावाच्या पाट्या आहेत त्याच्या गावभर. आमच्याकडं एक खड्डा आहे, तो द्यायचा नाही. हवं तर आत चला, कॅमेरा तिच्यावर धरा, माझ्याहून झकास सांगते. — काय? दोनच मिनिटांचा तुकडा? तुमच्या वरच्या साहेबांना चालायचं नाही? मग उचला ती कॅमेऱ्याची तिपाई. उचला! —

आलो गं, आलो! कोणी नाही... कोणीतरी पत्ता चुकलंय.

निघा, बाई.