अण्णांनी म्हातारा खेळाडू घेतला

माझ्या पोटात काही राहत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, पण इंग्लंडात स्लाऊला राहत असताना एक गोष्ट मी गिळून बसले होते. शेजारच्या अण्णांचा आजार आता बरा होणारा नाही, हे डॉक्टरांनी फक्त सुधावहिनींना सांगितलं होतं. वहिनींनी मला शपथ घातली, "यांना कळू देऊ नका."

अण्णांना टीव्हीवरच्या अमेरिकन फुटबॉलचं भारी वेड. ते काम करायचे त्या वेअरहाऊसमधले मित्र मिळून कागदावर आपापली टीम करायचे. खरे खेळाडू मैदानात जेवढं पळतील, तेवढे पॉइंट यांना. एकदा घेतलेला खेळाडू पुढच्या वर्षांतही आपलाच.

एके दिवशी ते नव्या वर्षाची टीम निवडत होते, तेव्हा यादीतल्या एका नावावर बोट ठेवून मी सहज विचारलं, "हा नवा पोरगा कसा आहे हो?"

"सोनं आहे. आत्ता बदली म्हणून बाकावर बसतो. पण त्याच्या जागेवर आत्ता खेळणारा म्हातारा थकला, की तीन वर्षांत हाच सगळ्यांना मागे टाकेल."

"मग घ्या की त्याला!"

"नको. म्हाताराच घेतो. या वर्षापुरता तो पुरे."

दरवर्षी नवी पोरं निवडून वाट बघत बसणारा हा माणूस! तेव्हा ते हळूच म्हणाले, "मला माहीत आहे, हे सुधाला कळू देऊ नका हं."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि कागदावर म्हाताऱ्याचं नाव बघून म्हणाल्या, "अहो, तरणा घ्यायचा ना! पुढे कामाला येईल."

"पुढच्या वर्षी घेऊ," अण्णा म्हणाले.

"हो, पुढच्या वर्षी नक्की," वहिनी म्हणाल्या.

मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं, आणि मीसुद्धा म्हटलं, "घ्याच!"