रुद्रम्मांच्या हातातला पेढा मी का हिसकावला

नाव: सौ. दैवशाला धनाजी शेंडगे, वय ४१ वर्षे, धंदा: खव्याची भट्टी व पेढे विक्री, राहणार कळंब, जिल्हा धाराशिव.

मी समक्ष ठाण्यात हजर असून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी पती धनाजी यांच्यासह राहते. आम्ही दोघं भट्टी चालवतो. खवा ते आटवतात, पेढे मी वळते. आमच्या मालाबद्दल आजपर्यंत कुणाची तक्रार नाही.

मला बऱ्याच वर्षांपासून एक आजार आहे. आपल्या हातून चुकून कुणाला इजा होईल, अशी भीती माझ्या मनात सतत येते. तसं कधी घडलेलं नाही. तरीही स्कूटी खड्ड्यात आदळली की कुणाच्या अंगावर गेली का, हे बघायला मी मागं फिरते. साखर चाळलेली असली तरी पुन्हा चाळते. एकदा एसटीत बसलेल्या एका बाईंनी लेकरासाठी पेढा नेला. त्यात काही गेलं असेल, असं वाटून मी स्कूटीवर त्या गाडीच्या मागं येडशीपर्यंत गेले. लेकरू झोपलेलं होतं. त्याला उठवून तोंड उघडायला लावलं. ते रडायला लागलं. रडण्याचा आवाज खणखणीत निघाल्यामुळं मला बरं वाटलं. बाईंना बरं वाटलं नाही.

त्यानंतर पतींनी मला धाराशिवला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. लोक ज्याला मंत्रचळ म्हणतात तोच हा आजार, असं त्यांनी सांगितलं. गोळ्या चालू केल्या. त्या म्हणाल्या, "मन विचारणार, 'असलं तर?' त्याला उत्तर द्यायचं नाही. पुन्हा जाऊन बघायचंही नाही. भीती येईल, थोडा वेळ बसेल, आपोआप उठून जाईल." हळूहळू मला फरक पडत होता.

पेढ्यात काच जाईल या भीतीनं मी लग्नानंतर थोड्याच दिवसांत काचेच्या बांगड्या सोडल्या होत्या. नवरा धडधाकट असताना बाईचे हात मोकळे, म्हणून गल्लीत बरंच बोललं जायचं. चारचौघींसारख्या बांगड्या घालून काम करा, असं डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेला सांगितलं. म्हणून काल मी हिरव्या बांगड्या भरल्या. पतींनी त्या दोनदा बघितल्या.

आज ढोकी रस्त्यावरील मंगल कार्यालयात कळंबचे धान्य व्यापारी बंडप्पा यांची मुलगी मोनिका हिचा साखरपुडा होता. मुलगा समर्थ, राहणार सास्तूर. पेढ्यांची ऑर्डर आमच्याकडं होती. सकाळी पेढे डब्यांत भरून बंडप्पांच्या माणसाच्या ताब्यात दिले. त्यानंतर हापशावर पातेली घासताना माझी एक बांगडी फुटली. तुकडे पतींनी वेचले.

थोड्या वेळानं माझ्या मनात आलं की, बांगडीला आधीच तडा गेला असला तर? पती म्हणाले, "अगं, डबे गेल्यावर फुटली की बांगडी! म्या हितंच हुभा होतो." हे मलाही माहीत होतं. पण या आजारात माहीत असण्याचा काही उपयोग होत नाही. मी भाकरी थापायला बसले. भाकरी तव्यावरच ठेवून स्कूटीवर निघाले.

मी कार्यालयात पोचले तेव्हा नवरदेवाच्या आजी रुद्रम्मा मोनिकाला पेढा भरवत होत्या. मी स्टेजवर चढून तो पेढा त्यांच्या हातातून हिसकावला व "खाऊ नका, काच असेल!" असं ओरडले. हे मला मान्य आहे.

मी काच म्हणाले होते. मागच्या खुर्च्यांपर्यंत त्याचं विष झालं. पेढा खाल्लेले लोक घशात बोटं घालू लागले. एक पाहुणे चक्कर येऊन आडवे झाले. त्यांनी पेढा खाल्लाच नव्हता, नुसता चहा घेतला होता, हे नंतर समजलं. नवरदेवाच्या मामांनी पोलिसांना फोन लावला. "असल्या घरात सोयरीक करायची व्हय?" असं ते बंडप्पांना म्हणाले. बंडप्पा स्टेजच्या पायरीवर बसले आणि फेटा काढून त्यांनी मांडीवर ठेवला.

मामांनी माईक माझ्या हातात दिला. म्हणाले, "काय घातलंय त्यात, सांगा समद्यांना."

तेवढ्यात माझे पती मोटरसायकलवरून आले. आत धावताना माझी एक चप्पल कार्यालयाच्या दारात राहिली होती, ती त्यांच्या हातात होती. ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

मग मी माईकवर सगळं सांगितलं. भीती, गोळ्या, येडशीचं लेकरू, बांगडी. माहेरीसुद्धा मी हे सांगितलेलं नाही. पेढ्यात काही नाही, मला ठाऊक आहे, असं म्हणाले. "ठाऊक हाय तर आलीस कशाला?" असं मामांनी विचारलं. "तोच तर आजार आहे," असं मी म्हणाले.

कुणी हसलं नाही.

रुद्रम्मा खुर्चीतून म्हणाल्या, "आमचा थोरला भाऊ असाच होता. बैलाला फास बसंल म्हणून बांधलेलं दावं सोडायचा, परत बांधायचा, परत सोडायचा. आमी लई हसायचो. त्याला कुणी डॉक्टर दावला न्हाय." मग त्यांनी मोठं ताट मागवलं. "आना पेढे. समदे कुस्करून बघू. म्हंजे हिचा बी जीव थंड हुईल."

मी नको म्हणाले. आज कुस्करून बघितलं तर उद्यापासून रोज कुस्करावं लागेल. त्यापेक्षा धंदा बंद केलेला बरा.

"मग न बघता खाऊ?"

"खावा," मी म्हणाले.

त्या म्हणाल्या, "मला दोनच दात ऱ्हायलेत. निस्त्या हिरड्यांनी खाते. काच असंल तर माझ्याइतकी लवकर कुणाला कळंल?" त्यांनी पेढा तोंडात टाकला. बराच वेळ त्या चघळत होत्या. सगळं कार्यालय त्यांच्या जबड्याकडं बघत होतं. मी डोळे मिटायचं टाळलं.

गिळून झाल्यावर त्या म्हणाल्या, "साखर कमी हाय."

त्यानंतर जे हसू सुरू झालं ते आवरेना. आडवे झालेले पाहुणेही उठून हसत होते. मोनिका स्टेजवरून खाली उतरली, फेटा तिनं वडिलांच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "अप्पा, उठा. मला भूक लागलीय." तिनं स्वतःच्या हातानं समर्थला पेढा भरवला. समर्थनं तो एका घासात खाल्ला.

याच वेळी आपली गाडी आली. फोन कुणी केला, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा मामांच्या तोंडात पेढा असल्यामुळं त्यांना उत्तर देता आलं नाही. परंतु फोनची नोंद झालेली असल्यानं मला जबाबासाठी ठाण्यात यावं लागलं. मामाही सोबत आले असून बाहेर बाकावर बसलेले आहेत. त्यांची तक्रार नाही, माझीही नाही. लग्नाचे पेढे आमच्याकडूनच घेण्याचं ठरलं आहे. साखर वाढवायची आहे.

रुद्रम्मांच्या घशात काही टोचत तर नसेल ना, हे आत्ताही माझ्या मनात येत आहे. त्यांना फोन करावा असं वाटतं. केलेला नाही. मी निघाले तेव्हा त्या बुंदी खात होत्या.

वरील मजकूर मी सांगितला तसाच उतरवला आहे. महिला हवालदारांनी तो एकदा वाचून दाखवला, तो बरोबर आहे. आणखी एकदा वाचून घ्यावा, असं मला फार वाटतं. पण एकदा पुरे. सही करते.

सौ. दैवशाला धनाजी शेंडगे