झाकणाची की दाराची

(भुकूम, २००७. गेणबा कुंभाराचं अंगण. नववीतली जुईली शाळेच्या दप्तरासकट दगडावर बसलीय. मांडीवर वही, पायाशी एक जाडजूड पिशवी.)

जुईली : नाही हो आजोबा, फुटणार नाही! लालभडक असतानाच मडकं चिमट्यानं बाहेर काढायचं आणि थेट लाकडाच्या भुशात. वर डबा पालथा! ह्यालाच राकू म्हणतात. जपानी आहे.

गेणबा : भट्टी निवंस्तवर कुंभार हात लावत न्हाई, पोरी. त्यापायी बापानं ह्याच अंगणात दोन कानफटात दिल्या हुत्या मला.

जुईली : पण अंगण तुमचंच हवंय! आमच्या सोसायटीत अगरबत्तीच्या धुरालासुद्धा नोटीस येते. बरं, आधी झिलई ठरवू. ही तांब्याची. हिरवी, लाल, सोनेरी, काय निघेल देवालाही ठाऊक नसतं! पण वर्षभरात रंग उतरतो म्हणे. आणि ही पांढरी. हिला बारीक बारीक तडे जातात, त्यांत धूर शिरून काळी नक्षी होते.

गेणबा : तडे? मुद्दाम?

जुईली : मुद्दाम!

गेणबा : आन् बोटानं वाजीवलं तर?

जुईली : बद्द वाजतं. पाणीही धरत नाही.

गेणबा : मंग ते मडकं न्हवं. आमच्या रत्नाबाईनं उकिरड्यावर टाकलं आसतं. एकेक वाजवून घ्यायची ती. बद्द वाजलं की दिसभर माझ्याकडं बघायची न्हाई.

जुईली : आजी रागीट होत्या?

गेणबा : कानाची पक्की हुती. पांढरीच घे तू. वर्साभरात जायाचं त्याला जीव कशापायी लावायचा?

जुईली : पांढरी! फायनल! आता भट्टी. पत्र्याच्या पिंपाचीच, आतून जाड अस्तर, खालून गॅस. पण दोन तऱ्हा आहेत. एकीला वर झाकण, दुसरीला पुढे दार. झाकणाची बांधायला सोपी, आच पण सगळीकडे सारखी. मी दाराची करणार.

गेणबा : सोपी सोडून?

जुईली : झाकणाला दोघं लागतात. एकानं उचलायचं, दुसऱ्यानं चिमटा घालायचा. दाराची एकटीला जमते.

गेणबा : मंग पिशवीत हातमोजे दोन जोड्या कशाला?

जुईली : एक किमयाची, माझ्या मैत्रिणीची. आमचं दोघींचं ठरलेलं ना! मे महिन्यात तिच्या बाबांची बंगळूरला बदली झाली. फोन करते ती. आधी रोज करायची. आता डबा एकटीच खाते मी, पण पुस्तकं किती वाचून होतात माहितीये! ते जाऊ दे. तुमच्या भट्टीत घाणेरी उगवलीय, आजोबा. कधीपासून बंद आहे?

गेणबा : तीन वर्सं झाली. रत्नाबाई खालनं एकेक मडकं द्यायची, मी रचायचो. एकट्यालाबी रचता येतं. येतं की. पर दर मडक्याला खाली उतरायचं, पुन्ना वर चढायचं... पोराला, शंभूला म्हणलं, तर म्हणतो, कंपनीची गाडी सोडून मी मडकी देत बसू व्हय?

जुईली : मग दाराचीच ना? उद्या पिंप कापून आणते वेल्डिंगवाल्याकडून.

गेणबा : झाकणाची कर.

जुईली : अहो, पण दोघं...

गेणबा : आन् मातीत लीद घाल, वाळू घाल. नुस्ती आसली तर भुशात जायच्या आदीच तडकंल.

जुईली : आजोबा, ऐका तरी! झाकणाची केली तर ते उचलणार...

गेणबा : ही किमयाची जोडी आंगठ्यात आवळतीया जरा. चालंल.