दिसत नाही

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे डॉक्टरसाहेब, या आश्रयगृहातला सेवकवर्ग आणि इथून कुणाला ना कुणाला घरी घेऊन गेलेले माझे श्रोतेहो,

मावशी आज निवृत्त होत आहेत. सव्वीस वर्षं त्यांनी इथल्या मांजरांचं केलं. त्यांच्याविषयी बोलायला जाणकार पुष्कळ आहेत. मला उभं केलंय ते बहुधा माझी फजिती ऐकायला!

मी छापखान्यात मुद्रितं तपासणारा माणूस. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. पत्नी गेली, त्यानंतर वर्षभराने इथे आलो. एका पिंजऱ्यावर मावशींच्या अक्षरात पाटी होती : 'मांजरी. वय तीन. दिसत नाही.' आत नुसतं एक खोकं. म्हटलं, हीच द्या. का? तर शेवटची नऊ वर्षं माझ्या पत्नीला दिसत नव्हतं. न दिसणाऱ्या जिवाबरोबर कसं राहायचं, एवढी एकच विद्या मला येत होती, आणि ती आता कुणाच्या उपयोगाची नव्हती.

घरात एक खुर्ची जागची हलवली नाही. बशी रोज त्याच फरशीवर. खोलीत शिरण्याआधी 'मी आलोय गं' म्हणायचो. बाईसाहेब कपाटामागे. दीड महिन्याने एका दुपारी त्या बाहेर आल्या आणि भिंतीवरच्या माशीवर अशी अचूक झडप घातली, की मी बघतच राहिलो.

तडक इथे आलो. "मावशी, हिला तर चांगलं दिसतंय!"

मावशींनी कपाळावर हात मारला. "अहो, तिला नाही, ती लोकांना दिसत नाही! सदानकदा खोक्यात. दोघांनी कंटाळून परत आणली." मग हसू आवरून हळूच म्हणाल्या, "तुम्हीपण परत आणणार का?"

खरं सांगतो, मी घाबरलो. 'मी आलोय गं' म्हणायला पुन्हा कुणीच उरणार नव्हतं. म्हटलं, "पाटी चुकली असेल मावशी, मांजर बरोबर आहे." भित्र्या जिवालाही तीच विद्या लागते, हे मला तेव्हा कळलं.

आता सत्कारमूर्तींची खुर्ची मघापासून रिकामी आहे. अध्यक्षमहाराज, मावशी दिसत नाहीत! त्या औषधांच्या कपाटाआड उभ्या आहेत, चपला दिसताहेत. पण कृपा करून कुणी हाताला धरून आणू नका. लपलेल्या जिवाला ओढून काढायचं नाही, ही इथे मांजर देताना सगळ्यांना दिलेली शिकवण त्यांचीच आहे.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. वाचण्यात चुकणारा माणूस बोलण्यातही चुकला असेल, तेवढं पोटात घाला.

मावशी, आम्ही आलोय हो. सावकाश या.