उभी बाटली

बाबांच्या मृत्यूचा दाखला घ्यायला मी पोर्तोच्या कचेरीत रांगेत उभी होते. माझ्यापुढे एक बहीण आणि तिचा भाऊ बोलत होते; तेही वडिलांच्या दाखल्यासाठीच आले होते.

“आदेलिनोदादा, तळघरातली माझ्या जन्मसालची पोर्ट वाइन तू उभी केलीस?”

“मी कशाला करू? बाबा शेवटच्या दिवशी बजावून गेलेत, अजून दहा वर्षं आडवीच राहू दे म्हणून.”

“काल उभी दिसली. गाळ खाली बसायला बाबा प्यायच्या आदल्या दिवशी ठेवायचे ना, तशी.”

“किल्ली तुझ्याकडेच असते. झोपेत चालतेस की काय?”

“झोप लागते कुठे?”

“आडवी कर परत. दहा वर्षं थांबू.”

“मला दहा वर्षं नाहीत, दादा. डॉक्टर उन्हाळ्यापर्यंत म्हणाले.”

“हे कुणाकुणाला सांगितलंस?”

“कुणालाच नाही. तुलाच पहिल्यांदा.”



“आज संध्याकाळी येतो,” तो म्हणाला. “पेले तीन काढ. एक बाबांचा.”